निवटीचं रक्त

मी घाटावरची. २०१४ साली तलासरी तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन म्हणून माझी बदली झाली, तेव्हा मला बोंबील कुठला आणि मांदेली कुठली तेही कळत नव्हतं. माणसांच्या रक्तातलं मात्र बरंच कळत होतं, आणि तेवढ्यावर आपलं भागेल असं मी धरून चालले होते.

केंद्राच्या फाटकाशी रोज सकाळी एक मासेवाली बसायची. झाई या समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावाहून रिक्षाने यायची, टोपली उतरवायची आणि ओला फडका झटकून पहिल्या माशीला शिवी द्यायची. साठीची असेल, पण कणा ताठ आणि जीभ त्याहून ताठ. पहिल्याच दिवशी मी तिच्या टोपलीतला एक मासा उचलला आणि घाबरत घाबरत नाकाजवळ नेला.

"बाय, फूल हाय का ते?" ती म्हणाली. "वास काय घेतीस? कल्ले बघ."

तिने माझ्या हातातला मासा घेतला आणि अंगठ्याने त्याचा गालाचा पडदा वर उचलला. आतली झालर लालभडक होती. "असे लाल असले तर घ्यायचं. पांढरे पडले असले तर माझ्याकडनंबी घेऊ नको."

मला हसू आलं, कारण माझंही काम तेच. समोर बाई आली की मी तिची खालची पापणी ओढून बघते. आत लाल असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर तिला बाकावर बसवते आणि बोट पुढे करायला सांगते. हे मी मासेवालीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे तूबी कल्लेच बघतीस." त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणू लागले.

मी एकटी राहायचे, केंद्रासमोरच्याच एका खोलीत. लग्न करायचं राहून गेलं होतं. आईवडील गेले होते, भावाचा फोन दिवाळीला यायचा. त्यामुळे मावशीशी रोज सकाळी होणारी दोन मिनिटांची वादावादी हाच माझा घरच्यासारखा बोलण्याचा वेळ होता. हे तेव्हा मी कोणाला सांगितलं नसतं. आता सांगायला काही हरकत नाही.

पावसाळा सोडला तर दुपारी लॅबमध्ये फारसं काम नसे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तशातली गत. वेळ जायचा म्हणून मी दिसेल त्या प्राण्याचं रक्त काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरू लागले. शिपायाच्या घरी कापलेली कोंबडी, खाटकाकडची बकरी, दारात चिरडलेली पाल, डबक्यातला बेडूक. शिपाई म्हणायचा, मॅडमना जेवणात मीठ कमी पडतंय बहुतेक.

पण ते बघताना मन रमायचं खरं. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, मधे जरा दबलेल्या, थापताना अंगठा लागलेल्या पापडासारख्या, आणि त्यांच्या आत केंद्रक नसतं. बकरीच्याही तशाच, फक्त बारक्या. पण कोंबडी, पाल, बेडूक यांच्या लाल पेशी लांबट, आणि प्रत्येकीच्या पोटात रंग दिल्यावर जांभळा दिसणारा एक दाणा, म्हणजे केंद्रक. गांडूळ लाल दिसतं, पण त्याच्यात लाल पेशीच नसतात, लाली नुसती पाण्यात विरघळलेली. कोळंबीत तर तीही नाही. पुस्तकात हे सगळं वाचलेलं होतं, पण गावातलीच कोंबडी आणि गावातलाच बेडूक काचेवर आला की ते आपलं वाटतं.

एकदा मावशीच्या डब्यात निवट्या होत्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटाएवढा मासा. पाण्याबाहेरही बराच वेळ तगतो, म्हणून जिवंतच विकतात. मी म्हटलं, "मावशी, एक दे. शिजवायला नको, नुसतं एक थेंब रक्त हवंय."

"मासळी खाणारी गिऱ्हाइकं लई बघितली," ती म्हणाली, "टोचणारी तूच पयली." पण तिने दिली. वर तमाशा बघायला लॅबच्या दारापर्यंत आली. मी काचेवर थेंब घेतला आणि तिला दाखवला. म्हटलं, "बघ, आहे ना लाल? तुझ्यामाझ्यात ज्या लाल पेशी आहेत, त्याच हिच्यातही आहेत."

मावशीने काच उजेडाकडे धरली. "तुझ्यामाझ्यागतच लाल हाय," असं म्हणून तिने मान हलवली. मी पुढे दाण्याचं सांगणार होते, पण बाहेर तिची रिक्षा हॉर्न वाजवायला लागली आणि ती अर्ध्यावरच निघून गेली.

हे झालं पहिल्या दुसऱ्या वर्षातलं. नंतर २०१६ साल आलं. गणपती गेले होते, नवरात्र यायचं होतं. या दिवसांत आमच्याकडे मलेरियाचा जोर. आरोग्यसेवक पाड्यापाड्यांतून फिरतो, ताप आलेल्या माणसाचं बोट टोचतो, रक्ताचा थेंब काचेवर पसरून वाळवतो आणि त्या काचा माझ्याकडे येतात. वेवजीकडच्या, झाईकडच्या, मधल्या सगळ्या पाड्यांच्या. मी त्यांना रंग देऊन एकेक बघत बसते. पाठीचा काटा ढिला होईपर्यंत.

अशीच एक काच लावली आणि मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. काचेवर आम्ही एक जाड थेंब ठेवतो, एक पातळ. जाड थेंबाला रंग देताना माणसाच्या लाल पेशी फुटून जातात. मागे राहतात ते पांढऱ्या पेशींचे तुरळक ठिपके आणि असलेच तर मलेरियाचे जंतू. इथे सगळं वर्तुळ जांभळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेलं. इतक्या पांढऱ्या पेशी म्हणजे रक्ताचा कॅन्सर, हे पहिल्यांदा डोक्यात आलं. मग मी काच सरकवून पातळ थेंब बघितला. लांबट पेशी, आणि प्रत्येकीच्या पोटात दाणा, निवटीच्या काचेवर पाहिला होता तसाच.

मी मोठ्यांदा हसले. शिपाई डोकावून गेला. त्या काचेवर माणूस नव्हताच. मासा होता.

मग मी काचेचा नंबर जुळवून नाव बघितलं, आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. झाई. बाई, वय एकवीस. थंडी वाजून ताप. सातवा महिना. ती मावशीची सून होती.

मी तिला एकदाच पाहिलं होतं. नाव नोंदवायला सासूबरोबर आली होती. सासू डॉक्टरणीला लांबलचक काहीतरी समजावत होती आणि ही मागे उभी राहून सासूच्या हातवाऱ्यांची हुबेहूब नक्कल करत होती. मी बघतेय हे दिसल्यावर जीभ चावून पदराआड लपली. तेव्हाच मला ती आवडली होती.

आरोग्यसेवकाला बोलावलं. बिचारा आल्या आल्याच रडकुंडीला. "मॅडम, त्या म्हातारीपुढे कोणाचं चालतं? म्हणाली, सून झोपलीय, काच आणि सुई इकडे दे, मीच टोचून आणते. आत गेली आणि थेंब घेऊन आली. मी अंगणातच पसरवला." मी त्याला फार बोलले नाही. मावशीपुढे मीही काय मोठी वाघीण होते अशातला भाग नाही.

आणि मग लक्षात आलं की मावशी दोन-तीन दिवस फाटकाशी बसलेलीच नाही.

आमची डॉक्टरीण माझ्याहून लहान, पण डोकं शांत. ती म्हणाली, "या दिवसांत असा ताप अंगावर काढला तर आई आणि मूल, दोघंही हातचे जातील. नक्की काय आहे ते कळल्याशिवाय मी अंधारात कुठलं औषध देऊ? तुमच्या ओळखीच्या आहेत ना? कसंही करा, पण तिचं स्वतःचं रक्त आणा."

मी रिक्षा करून झाईला गेले. ऊन मी म्हणत होतं. मावशीचं घर वाळूच्या रस्त्याला लागून, बाजूला बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते. ओटीवर चटई टाकून सून झोपली होती, अंगावर दोन चादरी, वर एक घोंगडी, तरी दात वाजत होते. आत मावशी विळीवर मासे साफ करत होती. मला बघून तिने विळी थांबवली नाही.

मी तिच्यासमोर बसले. "मावशी, तुझ्या सुनेच्या रक्तात निवटी निघाली."

"लाल निघाली ना?"

"लालच निघाली."

"मंग? तूच बोललीस, त्याच लाल पेशी आपल्यात, त्याच तिच्यात."

आता मला माझंच अर्धं वाक्य येऊन चावलं. मी उरलेलं अर्धं सांगितलं. मासळीच्या लाल पेशीत दाणा असतो, माणसाच्या पेशीत नसतो, त्यामुळे काच बघितली की लगेच कळतं. मावशीने विळी थांबवली. "म्हंजे वळखू येतं होय," ती म्हणाली. चोरी सापडल्यापेक्षा आपल्याला एक नवी गोष्ट कळली, असा तिचा चेहरा होता.

"का केलंस?" मी विचारलं.

तिने विळी बाजूला सारली. मग म्हणाली, "होडी बाहेर हाय."

त्यांच्या घरची रीत अशी की घरातली होडी दर्यात असेपर्यंत घरच्या बाईमाणसाचं रक्त लोखंडाने काढायचं नाही. महिन्याचं येतं ते चालतं, ते आपणहून येतं. काढलेलं नको. मासळीचं रक्त चालतं, कारण ते मुळात दर्याचंच. म्हणून होडी बाहेर असताना विळीला फक्त मावशीच बसायची, सुनेला हात लावू देत नव्हती. सगळ्या झाईत अशी रीत आहे की त्यांच्याच घरात, ते मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

"एकदा हे घर चुकलं," ती म्हणाली. "माझा नवरा दर्यात होता. जाळं सारखं करताना सुई माझ्या तळपायात गेली. हितंच, ह्या उंबऱ्यापाशी. रगात पुसलं आणि कोणाला बोलले नाय. होडी परत आली, तो नाय आला." तिने सांगताना आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत. "आता एकच पोरगा हाय. तो बाहेर हाय. मी काय करू ते तू सांग."

मी घरातून निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणते. रिकाम्या खोलीला कुलूप लावतानाही म्हणते. मी कुठल्या तोंडाने तिला शहाणपण शिकवू?

"होडी कधी येणार?"

"दर्याला विचार. खोल गेलेत, फोन लागत नाय."

मग मात्र मी चिडले. मला राग लवकर येतो आणि आला की तो चांगल्या शब्दांत येत नाही. मी म्हटलं, "पोरगा येईल गं परत. पण तो दारात उभा राहून बायकोला हाक मारेल तेव्हा ओ द्यायला इथे कोण असेल, ते बघ. आता तिचे कल्ले बघ जरा. तूच शिकवलंस ना मला?"

मावशी उठली. हात धुतले, ओटीवर गेली, सुनेजवळ बसली आणि अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली. बराच वेळ बघत राहिली. आतमध्ये लाल असं काही नव्हतंच. तिने पापणी सोडली आणि सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारत बसली. एवढा जीव होता तिचा त्या पोरीवर, आणि तिकडे तेवढाच पोरावर. दोन्हीतलं एक निवड असं तिला सांगणारी मी कोण, असं मला वाटलं.

तेवढ्यात चादरीतून आवाज आला. पोरगी जागी होती, सगळं ऐकत होती. म्हणाली, "मना माहेरी धाडा ना. तिथं असले तवर मी त्या घरची, तुमची होडी लागत नाय."

मावशीचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "तुझ्या बापाची होडीबी बाहेर हाय. काल तुझ्या आयशीचा फोन आलेला."

बाहेर बोंबलांवर कावळा बसला होता, त्याला हाकलायलाही कोणी उठलं नाही. मग मावशीने माझ्याकडे बघितलं. मासा पारखताना बघायची तसं, नीट, वरपासून खालपर्यंत.

"बाय, तुझ्या बापाकडं होडी नव्हती ना?"

"सायकल होती," मी म्हटलं.

"भावाकडं?"

"भावाकडे म्हैस आहे."

"मंग तू ने हिला. तुझ्याकडं, माहेरपणाला." ती उभी राहिली. "पण रीतसर ने. असं रिक्षात घालून नाय न्यायचं. मुराळी होऊन माग."

लेकीला सासरहून न्यायला जो माहेरचा माणूस येतो तो मुराळी. हे काम भावाचं असतं. तसा प्रसंग माझ्यासाठी कधी आला नव्हता, आणि दुसऱ्या कोणासाठी मी कधी मुराळी होईन असंही वाटलं नव्हतं. मी अंगणात जाऊन चपला घातल्या, परत पायरीवर आले आणि म्हटलं, "विहीणबाई, लेकीला न्यायला आलेय."

मावशीने पदर डोक्यावर घेतला. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच ती मला अहोजाहो करत म्हणाली, "न्या. पण होडी लागली की आमची सून परत धाडा." घोंगडीखाली पोरगी हसली. थंडीने वाजणाऱ्या दातांतूनही हसली.

माझ्या खोलीत तिची ओटी भरली. नारळ शिपायाने पळत जाऊन आणला. खण कुठला असायला? भावजयीने कधी काळी दिलेला ब्लाउजपीस ट्रंकेत तसाच पडून होता, तो घातला. तांदूळ डब्यातलेच. मग माझ्याच खाटेवर बसवून मी तिचं बोट टोचलं. थेंब फिक्कट, पाण्यासारखा पातळ आला. काचेवर पसरवायच्या आधीच वाहायला लागला.

समोर लॅबमध्ये नेऊन रंग दिला आणि बघितला. गोल पेशी, बिनदाण्याच्या, माणसाच्या. पण पाहिजे तेवढ्या कुठे होत्या? ज्या होत्या त्याही मधे पांढऱ्या पडलेल्या, आणि बऱ्याच पेशींच्या आत बारीक बारीक अंगठ्या. मलेरिया, आणि तोही जीवघेण्या जातीचा. हे जंतू लाल पेशीतच घर करतात आणि बाहेर पडताना ते घर फोडून टाकतात. पोरीच्या अंगात तेच चाललं होतं.

औषध लगेच सुरू झालं. रक्त चढवायला मात्र डहाणूला न्यायला हवं होतं. रुग्णवाहिका आली तशी मी मावशीला फोन लावला. म्हटलं, "तिथे आणखी सुया टोचतील, मावशी. माझी खोली काही डहाणूपर्यंत पोचत नाही."

"तू बरोबर हायस ना?"

"आहे."

"मंग जिथं तू, तिथं माहेर. तू उठू नको फक्त."

मी रजा टाकली आणि उठले नाही. आता हे वेडेपण म्हणा, पण त्या वॉर्डात मी खरोखर त्या स्टुलावरून हलायला बिचकायचे. एकदा चहा आणायला उठले तर पोरगी उशीवरून पुटपुटली, "माहेर कुठं चाललं?" मी परत बसले. परक्या कोणाचं तरी रक्त पिशवीतून तिच्यात उतरत होतं आणि मी बसल्या बसल्या तिच्या नखांचा रंग बघत होते. मावशी आली नाही. ती घरी उंबऱ्यापाशी बसून होडीची वाट बघत होती. तिने तिचं टोक धरलं होतं, मी माझं.

ताप उतरला. पोटातलं बाळ पुन्हा लाथा मारायला लागलं. आणि एके सकाळी वॉर्डाच्या दारात एक उंच पोरगा येऊन उभा राहिला, अंगाला डिझेलचा आणि मासळीचा वास. होडी लागल्या लागल्या तसाच आला होता. बायकोकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, "आईनं सांगितलंय, सासुरवाडीला जा आणि बायकोला घेऊन ये." आणि वाकून माझ्या पाया पडला.

मला लग्न करायचं राहून गेलं आणि जावई मिळाला. त्या दिवशी मी वॉर्डाच्या बाहेर जाऊन व्हरांड्यात पोटभर रडले. आनंदाने रडले, त्यात लपवायचं काय?

थंडीत मुलगी झाली. डहाणूलाच, सुखरूप. बारशाच्या दुसऱ्या दिवशी मावशी लॅबमध्ये आली. एका हातात विहिणीच्या मानाचं लुगडं, दुसऱ्या हातात निवट्यांचा डबा. लुगडं टेबलावर ठेवून म्हणाली, "आता तो दाणा दाखव."

मी निवटीची काच लावली, मग माझं बोट टोचून माझ्या रक्ताची. तिने एक डोळा मिटून दोन्ही बघितल्या. बराच वेळ बघितल्या.

"माणसाचा दाणा कुठं गेला?"

"हाडांच्या आत पेशी तयार होते तेव्हा असतो. बाहेर पडायच्या आधी टाकून देते. मग आत जागा होते."

"शाणी हाय," मावशी म्हणाली. "लांब जायचं तर ओझं कशाला?" मग तिला सगळ्यांचंच जाणून घ्यायचं होतं. कोळंबीत लाल पेशी असतात? नसतात. खेकड्यात? नाहीत. "तरीच वाकडा चालतो." एका जातीचा शिंपला फोडला की लाल पाणी निघतं, त्याच्यात? मी म्हटलं, असतात असं वाचलंय, आणून दे, बघू. तिने आणून दिला. खरंच होत्या. अख्ख्या टोपलीत तो एकच शिंपला आपल्या जातीचा निघाला, असं ती पुढे कित्येक दिवस गिऱ्हाइकांना सांगायची. त्यावर कोणी एक रुपयाही जास्त दिला नाही.

त्या घरात माझं जाणं-येणं सुरू झालं. दिवाळीला भावाचा फोन यायचाच, पण फराळ मी झाईत करायचे. नात चालायला लागली, बोलायला लागली, सासूची नक्कल करणाऱ्या आईची नक्कल करायला लागली.

२०१९ मध्ये माझी बदली झाली. परत घाटावर. निरोप घ्यायला मी झाईला गेले ती दुपारची, संध्याकाळच्या बसने निघायचं ठरवून. पोरीने वाडीतले चिकू पुढे ठेवले. नात माझ्या मांडीवर येऊन बसली आणि मी सवयीने पर्समधला छोटा चाकू काढून तिला चिकू कापून द्यायला लागले. बोलण्याच्या नादात चाकू सटकला आणि माझं बोट कापलं.

मी काही म्हणायच्या आत मावशी आली होती. या वयात इतक्या चपळाईने तिला उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. थेंब जमिनीवर पडायच्या आत तिने माझं बोट मुठीत धरलं, पदराने गच्च आवळलं आणि उंबऱ्याकडे बघितलं.

"होडी बाहेर हाय," ती म्हणाली.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, "मावशी, मी कुठे तुमच्या घरची? माझ्या घराला होडी नाही, म्हणून तर सून दिली होतीस माझ्याकडे."

तिने वर बघितलं नाही. पदराचा आणखी एक वेढा बोटाला दिला.

"तवा नव्हती," ती म्हणाली.

संध्याकाळची बस मी जाऊ दिली. लाल पेशी काय असतात, कुठे असतात, कोणाच्या पोटात दाणा आणि कोणाच्या नाही, सगळं मला पाठ होतं. तरीही दुसऱ्या दिवशी उजाडता त्यांची होडी दिसेपर्यंत मी मावशीशेजारी वाळूत उभी होते, आणि ते बोट मी मुठीतून सोडलं नव्हतं.